ठिगळांमधला बांध

गोधडी हातात आली की डोळा आधी ठिगळांकडे जातो. हे आजीच्या इरकलीचं, हे धाकट्याच्या शाळेच्या सदऱ्याचं, हा शालूचा उरलेला काठ. दोन ठिगळांमधून जी एकरंगी पट्टी धावते तिच्याकडे कोणी फारसं पाहत नाही. ती नीट जमली असेल तर पाहायचं कारणही उरत नाही. चुकली तर मात्र सगळ्यांत आधी तीच दिसते. ही कुळकथा त्या पट्टीची आहे.

पट्टी का चुकते याचा हिशेब साधा आहे. एका ओळीत सात चौकोन धरले तर त्यांच्यामध्ये सहा पट्ट्या येतात, म्हणजे बारा शिलाया. सुतार आणि शिंपी इंचाचे आठ भाग करतात आणि त्या भागाला सूत म्हणतात. प्रत्येक शिलाई अर्ध्या सुताने सरकली तर ओळीच्या टोकाला सहा सूत, म्हणजे पाऊण इंचाचा फरक पडतो. वरच्या ओळीत तो डावीकडे पडला आणि खालच्या ओळीत उजवीकडे, तर वरची उभी पट्टी आणि खालची उभी पट्टी यांच्यात दीड इंचाचं अंतर पडतं. एकेक शिलाई पाहिली तर कुठेच चूक सापडत नाही, आणि सगळी गोधडी मात्र वाकडी दिसते. उसवून पुन्हा शिवायची म्हटलं तरी नेमकी कोणती शिलाई उसवायची, हेही कळत नाही.

या अडचणीशी माणसं फार जुन्या काळापासून झगडत आली आहेत, आणि त्याची नोंदही आहे. ती सापडते पाली विनयपिटकात, भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात. त्यातल्या महावग्गाचं आठवं प्रकरण सगळं चीवरांवर, भिक्षूंच्या वस्त्रांवर आहे. त्यात गोष्ट येते ती अशी. बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे निघाले होते. वाटेत मगधातली शेतं पसरली होती. लांब पट्ट्यांची, ओळींत बसवलेली, मधूनमधून बांध घातलेली, आणि बांधाला बांध जिथे छेदतो तिथे चव्हाटा झालेली. ती दाखवून त्यांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारलं, भिक्षूंसाठी अशी चीवरं करता येतील का? येतील, आनंद म्हणाला. काही दिवसांनी त्याने करून आणलेली चीवरं बुद्धांनी पाहिली आणि भिक्षुसंघापुढे आनंदाच्या समजुतीची तारीफ केली. थोडक्यात सांगितलेलं त्याने पूर्ण उलगडलं होतं.

आनंदाने काय उलगडलं ते तिथेच नावांनिशी दिलं आहे. मोठा तुकडा तो मंडल, लहान तो अड्ढमंडल. तुकड्यांमधून उभी जाणारी लांब पट्टी ती कुसि, आणि आडवी आखूड पट्टी ती अड्ढकुसि. तुकडे म्हणजे खाचरं, पट्ट्या म्हणजे बांध. आज मशीनवर चौकोनी गोधडी शिवणारी बाई ज्या तीन गोष्टी सांभाळते, त्या तिन्ही या एका वस्त्रात होत्या: लांब पट्टी, आखूड पट्टी आणि दोघी जिथे भेटतात तो चव्हाटा.

कापड तुकड्यांचं करण्यामागे कारणही होतं. कापून शिवलेल्या कापडाची बाजारातली किंमत उतरते, चोराला त्याचा मोह होत नाही, आणि अंगावर असं कापड असलेल्या माणसाचाही त्यात जीव गुंतत नाही. सुरुवातीच्या भिक्षूंचं कापड तर उकिरड्यावरून आणि स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचंच असे. पण चिंध्या म्हणून काहीही कसंही जोडा, असं विनयात कुठेही म्हटलेलं नाही. मला या ग्रंथाचं सगळ्यांत जास्त अप्रूप याच गोष्टीचं वाटतं. वस्त्राची किंमत शून्य करायची आणि शिवण मात्र काटेकोर ठेवायची, या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी आहेत.

विनयपिटकातल्याच चुल्लवग्गाच्या पाचव्या प्रकरणात हे शिवणकाम पायरीपायरीने घडताना दिसतं. आधी भिक्षू कोंबड्याच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने शिवत होते. शिवण वाईट येई, म्हणून सुईची परवानगी मिळाली. मग सुया गंजू लागल्या, म्हणून सुया ठेवायची नळी आली. बोटाला सुई टोचते म्हणून अंगुस्तानही आलं, पण ते पुढे. जमिनीत खुंट्या ठोकून त्यांना कापड बांधून शिवत, तर कापडाचे कोपरे ओढले जाऊन चीवर वेडंवाकडं होई. म्हणून कठिन आलं, म्हणजे कापड ताणून बसवायची चौकट. त्यानंतर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातल्या दोन तक्रारी येतात. शिवणींमधलं अंतर कमी-जास्त होतं, ही पहिली. त्यावर अंतर मोजायच्या खुणपट्टीची परवानगी मिळाली. दोरा वाकडा जातो, ही दुसरी. त्यावर आधी कच्चा दोरा घालून त्याच्या आधाराने शिवायची परवानगी मिळाली. शिवणकामाच्या वर्गात आजही शिकवतात ते हेच. मापाची पट्टी ठेवा, कच्चे टाके घाला, मग पक्की शिलाई मारा.

इथे ज्यांची गोधडी डोळ्यांसमोर आहे, त्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा या कथेशी संबंध पहिल्यांदा येतो तो रस्त्यांमुळे. कल्याण आणि सोपारा ही सातवाहनांच्या काळातली बंदरं. तिथून घाटावर चढायच्या दोन वाटा याच तालुक्यांतून जातात. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की जुन्नर, आणि शहापूरच्या कसाऱ्याहून थळघाट चढला की नाशिक. दोन्ही टोकांना लेणी आहेत, म्हणजे दोन्ही टोकांना चीवरं पांघरणारी माणसं होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दलाला हात न लावायच्या ठेवीच्या रूपाने, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. त्यांतले २००० महिना एक टक्का व्याजाने होते. वर्षाचं व्याज झालं २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असं लेख सांगतो, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४० होतात. ठेव कोणाकडे, तर कोष्ट्यांकडे. व्याज कशासाठी, तर कापडासाठी. दगडावर कोरलेला हा हिशेब चीवराच्या कापडामागच्या पैशाचा आहे, आणि त्याचा रस्ता शहापुरातून वर चढतो.

दुसरा संबंध शेताचा. मगधासारखाच हाही भाताचा मुलूख. भाताला खाचर लागतं, खाचराला बांध लागतो, आणि बांध नसेल तर सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस माती घेऊन भातसा, काळू, शाई या नद्यांना मिळतो. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाआधी बांधबंदिस्ती करायची, चिखलणी करून आवण लावायचं, हा इथला क्रम. बांधाचं काम अडवणं एवढंच नसतं. वरच्या खाचरातलं पाणी वरच्या पातळीत राहावं आणि खालच्यातलं खालच्या, म्हणून बांध असतो. खाचरं सारखी नसतात, एक लहान असतं, एक मोठं, एक वर, एक खाली. बांधामुळे प्रत्येकाला आपापली पातळी मिळते आणि सगळं मिळून एक शेत उभं राहतं. ठिगळांमधली पट्टी हेच काम करते. वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या वयाचे, थोडेथोडे कमी-जास्त मापाचे तुकडे तिच्या आधाराने एका ओळीत उभे राहतात. पट्टी शोभेसाठी लावतात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शोभा मागाहून येते. पट्टी आधी धारण करते.

मगधाच्या सपाटीत बांध सरळ जातात. इथे माहुली गडाच्या किंवा नाणेघाटाच्या पायथ्याशी ते उताराच्या वळणाने जातात. आणि इथली हाताने शिवलेली जुनी गोधडी पाहिली, तर तिच्यातही सरळ पट्टी सापडत नाही. याचं कारण शिवायच्या पद्धतीत आहे.

हातगोधडीत तुकडा तुकड्याला जोडत नाहीत. खाली एक त्यातल्या त्यात धड लुगडं अंथरतात, त्यावर जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे थर, वर पुन्हा एक लुगडं. ठिगळ येतं ते वरच्या थरावर, जिथे कापड विरलं असेल तिथे. तुकड्यांना एकमेकांच्या रेषेत यायची गरजच नसते, कारण त्यांना धरणारं सबंध कापड खाली असतं. सरळपणा येतो तो धावदोऱ्यात. काठापासून सुरुवात करून आत आत सरकत जाणाऱ्या ओळी, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर, आणि ते अंतर मोजायला स्वतःचंच बोट. विनयातल्या भिक्षूंना जी खुणपट्टी परवानगीने मिळाली, ती इथल्या बायकांच्या हातालाच होती. सीमेपलीकडे उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका आपली गोधडी, म्हणजे कवंद, अशीच काठापासून आत शिवत जातात, आणि तिच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

हे काम उन्हाळ्याचं. झोडणी होऊन भात घरात आलेलं असतं, आगोटीची धांदल अजून लागायची असते, अंगण कोरडं असतं आणि गोधड्या धुवून वाळवता येतात. लुगडं अंगणात ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि समोरासमोर बसून दोघीजणी दोन बाजूंनी शिवत येतात. त्या दोन बायका सासू-सुना असोत की शेजारणी, दोघींचा टाका एकसारखा लागायला हवा, नाहीतर मध्यावर ओळी भेटत नाहीत.

सरळ जोडशिवणीचं शिक्षण या घरांत आधीपासून होतं, पण ते गोधडीतून नव्हे, लुगड्यातून आलं. नऊवारी बसण्याच्या जागी आधी विरतं. मग ते तिथे आडवं फाडायचं, विरलेला भाग टोकांना न्यायचा आणि धड टोकं मध्यावर जोडायची. या जोडाला दांड म्हणतात. दांड वाकडा आला तर निऱ्या वाकड्या पडतात आणि चारचौघींत कळतं, म्हणून मुलीला पहिली सरळ शिलाई यायची ती दांडाची. गरिबीने शिकवलेली ही शिलाई होती, आणि ती फार चांगली शिकवलेली होती. मशीनवरच्या पट्टीची आई शोधायची तर मी दांडाकडे बोट दाखवीन.

ठिगळांच्या पांघरुणाला मराठी मनात जी जागा आहे, तिचीही मुळं जुनी आहेत. जनाबाईबरोबर दळण दळून थकलेला विठ्ठल पहाटे घाईत देवळाकडे निघाला, तो आपला शेला आणि पदक तिच्याकडेच विसरून आणि तिची वाकळ पांघरून गेला, ही कथा वारीत सगळ्यांना ठाऊक आहे. पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला. देवाच्या अंगावर वाकळ कशी, हे मात्र कोणी विचारलं नाही. पुढे विसाव्या शतकात शेंडगावच्या गाडगेबाबांना लोक कुठे गोधडेमहाराज म्हणत, कुठे चिंधेबुवा. अंगावर चिंध्या आणि हातात खराटा, हे चित्र लोकांनी प्रेमाने जपलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर चीवर हा शब्द महाराष्ट्राच्या गावागावांत पुन्हा आला. वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात विहारांमधून कठिन चीवरदान होतं. कठिन हा तोच शब्द, जो चुल्लवग्गात शिवायच्या चौकटीसाठी आला होता. चीवरापासून शहापूरच्या गोधडीपर्यंत एक सलग वंशवेल काढावी असं मी म्हणत नाही. कूळ एक आहे, शाखा निरनिराळ्या आहेत. विरलेलं कापड, त्याचे तुकडे, आणि त्यांना ओळीत आणायची धडपड, हे त्या कुळाचं लक्षण.

चौकोन आणि पट्टी जोडून जी गोधडी आज विकायला शिवली जाते, तिला मशीन लागलं. एलियास हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. हाताने इतक्या शिलाया मारून मग पुन्हा थरांतून धावदोरा घालणं हे कष्टकरी घराला परवडणारं काम नव्हतं. अमेरिकेत मात्र मशीन घरोघर पोचण्याआधीच, १८४०च्या दशकात, आल्बम रजयांची लाट आली होती. गावातल्या निरनिराळ्या बायका एकेक चौकोन शिवून त्यावर आपलं नाव घालीत आणि मग ते सगळे चौकोन जोडून लग्न होऊन दूर जाणाऱ्या मुलीला किंवा बदली झालेल्या पाद्र्याच्या बायकोला रजई देत. इतक्या हातांनी शिवलेले चौकोन एका मापाचे येणं शक्यच नव्हतं, म्हणून अनेक रजयांत मध्ये पट्टी आली आणि तिने तो फरक पोटात घेतला. खाचर आणि बांधाचा तोच न्याय तिथेही लागला.

इकडे कापडही बदललं. बोहारणीला भांड्यांवर दिलेली जुनी लुगडी सुती असत. आता पेटीतून निघतात त्या बहुतेक सिंथेटिक साड्या, आणि उल्हासनगरच्या कपड्यांच्या कारखान्यांतून येतं ते कात्रण जीन्सपासून होजिअरीपर्यंत काहीही असतं. सुती कापड धाग्यावर सरळ फाटतं. सिंथेटिक घसरतं, होजिअरी ताणली जाते, जीन्स सुईखाली अडते. चौकोन जितके बेभरवशाचे झाले तितका पट्टीवरचा भार वाढला. म्हणून पट्टीला साधा सुती मांजरपाट किंवा जाड पॉपलीन घ्यावं, आणि ते आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. न भिजवलेली सुती पट्टी पहिल्या धुण्यात आटते, सिंथेटिक चौकोन आटत नाही, आणि सगळी गोधडी शिलायांवर चुणते. दुकानात कोऱ्या दिसणाऱ्या कितीतरी गोधड्या पहिल्या धुण्यात बिघडतात त्या यामुळे. शिवणाऱ्या बाईला कापडाच्या आणि तयारीच्या वेळेचे पैसे मिळाले नाहीत तर ती ही पायरी गाळते, आणि दोष तिच्या हाताला लागतो. तो दोष तिचा नसतो.

आता प्रत्यक्ष पट्टीचं. पट्टी कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेली बरी, कारण फाडताना कापड स्वतःच्या धाग्यावर जातं. ती उभ्या धाग्यावर फाडावी. उभा धागा ताणला तरी वाढत नाही, आडवा थोडा वाढतो, आणि उरेब तर कितीही वाढतं. दोन इंची पट्टी हवी असेल तर अडीच इंच फाडायची, दोन्ही बाजूंना पाव पाव इंच माया.

लांबी कशी ठरवायची, यावर सगळं अवलंबून असतं. पुष्कळजणी पट्टी लांब ठेवून चौकोनाला लावत जातात आणि उरलेलं शेवटी कापतात. यात चौकोनाची चूक पट्टीत उतरते. उलट करावं. सगळे चौकोन मोजून एक माप ठरवायचं आणि सगळ्या आखूड पट्ट्या त्याच मापाने कापायच्या. मग चौकोन पट्टीला लावायचा. आधी मध्यावर मध्य जुळवून टाचणी, मग दोन्ही टोकांना टाचण्या, आणि मधला कमी-जास्तपणा वाटून घ्यायचा. जो थर लांब असेल तो खाली, मशीनच्या दातांकडे ठेवायचा. दात खालचं कापड जरा जास्त ओढून नेतात, आणि लांबीचा फरक चुणी न पडता तिथे मुरतो.

अशा ओळी तयार झाल्या की मग लांब पट्टी. इथे बहुतेकींची चूक होते. एक ओळ लांब पट्टीला सरळ जोडली जाते, पण दुसऱ्या बाजूची ओळ लावताना वरची उभी पट्टी आणि खालची उभी पट्टी समोरासमोर येतात की नाही हे दिसत नाही, कारण मधली पट्टी त्यांना झाकते. म्हणून शिवण्याआधीच लांब पट्टीच्या दोन्ही काठांवर, प्रत्येक चौकोन जिथे संपतो आणि उभी पट्टी जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करायची, आणि शिलाया त्या खुणांवरच बसवायच्या. ज्यांना खुणेवर विश्वास ठेवायचा नाही त्यांनी चव्हाट्यावर वेगळ्या रंगाचा छोटा चौकोनी तुकडा घालावा. मग लांब पट्टीच तुकड्यातुकड्यांची होते आणि शिलाईला शिलाई भिडते की नाही ते बोटाने चाचपून कळतं. सगळ्या ओळी एकाच टोकाकडून शिवत गेलं तर गोधडी एका बाजूला झुकते, म्हणून एक ओळ डावीकडून जोडावी आणि दुसरी उजवीकडून.

वरचा पदर पुरा झाला की अस्तर घालण्याआधी तो जमिनीवर पसरून एक सुती दोरी घ्यावी. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणावी, गाठ मारून लांबी धरावी, आणि तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर लावून पाहावी. गाठ कोपऱ्यावर आली तर चौकट काटकोनात आहे. आली नाही तर जो कर्ण आखूड भरला त्याच्या टोकांकडून पदर दोघींनी धरून हलका ओढावा, इस्त्री करावी आणि पुन्हा मोजावं. तरी गाठ सरकली तर लांब पट्टीच्या शिलाया खुणेशी ताडून पाहाव्यात आणि जी खुणेवर नाही ती उसवावी. अस्तर लागल्यावर ते शक्य होत नाही.